चौथं अक्षर

२०१७च्या पावसाळ्यात मी आणि माझी मोठी जाऊ, आम्ही दोघी एका प्रायव्हेट लिमिटेड कंपनीच्या डायरेक्टर झालो. डहाणूला आमच्या सासरची चिकूची वाडी आहे. वाडी खऱ्या अर्थाने जाऊच सांभाळायची. ती सातवी शिकलेली, पण झाडावरचा चिकू नखाने जरासा खरवडून, आत हिरवं दिसतं की पिवळं एवढ्यावरून तो कधी तोडायचा ते सांगायची. चुकायची नाही. मी लग्नाआधी तारापूरच्या एका कारखान्याच्या ऑफिसात कारकुनी केलेली, त्यामुळे घरातले कागद माझ्याकडे. फळ तिचं आणि कागद माझे, अशी वाटणी कुणी न ठरवताच झाली होती.

चिकूच्या चकत्या करून वाळवायच्या आणि पाकिटं भरायची, हे आम्ही आधीपासून थोडंथोडं करत होतो. गुजरातमधल्या वापीच्या एका व्यापाऱ्याला तो माल आवडला. तो म्हणाला, मोठी ऑर्डर देतो, पण घरगुती बायकांशी व्यवहार करत नाही, कंपनी काढा. म्हणून कंपनी काढली. जाऊच्या वाटणीच्या जागेत पत्र्याची शेड उभी राहिली, आत वाळवायचे ट्रे आले, आणि रानशेत गावच्या सहा बायका रोज सकाळच्या बसने चकत्या कापायला येऊ लागल्या.

कंपनीचा दाखला ई-मेलवर आला. मी त्याची प्रिंट काढली. वर एकवीस अक्षरा-आकड्यांची एक लांबच लांब ओळ होती. इंग्रजी अक्षर, मग आकडे, मग महाराष्ट्राची दोन अक्षरं, मग साल, पुन्हा अक्षरं, पुन्हा आकडे. तो कंपनीचा ओळख नंबर, एवढं मला कळलं. खाली बारीक अक्षरांत आणखी दोन नंबर होते. ते काय आहेत, हे मी विचारलं नाही. मला वाटलं, सरकारी कागद आहे, असतील काहीतरी नोंदीचे.

जीएसटी तेव्हा नुकताच लागू झाला होता. राज्याबाहेर माल पाठवायचा तर नंबर हवाच, असं सगळे सांगत. ज्या माणसाने कंपनीची नोंदणी करून दिली तो दुसऱ्या कामांत अडकलेला. मी दसऱ्याच्या आधी एक दिवस तलासरीला गेले आणि ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या एका माणसाकडे बसले. त्याच्याकडे बरीच गर्दी होती. त्याने मान वर न करता विचारलं, "पॅन?"

मी पर्समधून माझं पॅनकार्ड काढून दिलं.

"धंदा कुणाच्या नावावर?"

"माझ्याच नावावर लिहा. मीच सगळं बघते."

हे वाक्य मी अगदी सहज बोलले. त्यानंतरच्या सबंध वर्षात मला त्या वाक्याइतका त्रास कशाचाच झाला नाही.

काही दिवसांनी जीएसटीचा दाखला आला. पहिल्या ओळीत माझं नाव, दुसऱ्या ओळीत कंपनीचं, आणि खाली एका रकान्यात प्रोप्रायटरशिप असं लिहिलेलं. प्रोप्रायटर हा शब्द दुकानांच्या पाट्यांवर असतो, तसाच इथेही लिहीत असतील, असं मी स्वतःला समजावलं. दाखला फ्रेम करून शेडमध्ये भिंतीवर लावला. तो लावावाच लागतो. जाऊने फ्रेमला हळदकुंकू लावलं. तिला इंग्रजी वाचता येत नाही. तिने मला विचारलं, "यात आपली दोघींची नावं आहेत ना?" मी म्हटलं, "कंपनीचं नाव आहे म्हणजे दोघी आल्याच."

पुढचे सहा महिने माल छोट्या टेम्पोने थोडाथोडा जात राहिला. एप्रिलमध्ये पहिली मोठी ऑर्डर आली. तेव्हाच परराज्यात माल नेताना ई-वे बिल, म्हणजे वाहतुकीचा ऑनलाइन परवाना, लागायला सुरुवात झाली होती. म्हणून मी माल घेऊन गुजरातच्या सीमेवर अच्छाडला एका ट्रान्सपोर्टच्या ऑफिसात गेले. बाहेर हायवेला ट्रकांची रांग, ढाब्यांचा धूर, आणि आत कॉम्प्युटरसमोर पन्नाशीची एक बाई. ती गुजरातीमिश्रित मराठी बोलायची आणि दिवसभर हीच बिलं भरायची. तिने माझ्या बिलावरचा नंबर टाइप केला आणि थांबली.

"बेन, माल कोनाचा?"

"आमच्या कंपनीचा."

"बिलावर कंपनीचं नाव आहे. पन नंबर टाकला की बाईचं नाव येते." तिने स्क्रीन माझ्याकडे वळवली. त्यावर माझं पूर्ण नाव होतं.

"ती मीच."

ती हसली नाही. म्हणाली, "तुमी कंपनी आहे?"

मला प्रश्नच कळला नाही. मग तिने खुर्ची ओढून मला बाजूला बसवलं आणि पेनच्या टोकाने एकेक अक्षर दाखवत गेली.

"पैले दोन आकडे राज्याचे. सत्तावीस म्हनजे महाराष्ट्र. हा नाका ओलांडला की चोवीस. बरोबर? त्याच्या पुढची दहा अक्षरं म्हनजे ज्याचा धंदा, त्याचा पॅन. आता त्या पॅनचं चौथं अक्षर बघा. कंपनी असेल तर तिथे सी येते. भागीदारी असेल तर एफ. इथे काय आहे?"

"पी."

"पी म्हनजे माणूस. बेन, हा नंबर कंपनीचा नाय. माणसाचा आहे."

ती पुढचं अक्षर दाखवत होती. "हे पाचवं अक्षर आडनावाचं असते. पन बिलावरच्या सहीत तुमचं आडनाव तर दुसरंच आहे."

"ते माहेरचं आहे," मी म्हटलं. "पॅन लग्नाआधीचा."

म्हणजे माझ्या सासरच्या वाडीतला, जाऊच्या झाडांचा, रानशेतच्या बायकांनी कापलेला सगळा माल सहा महिने माझ्या चिंचणीच्या माहेराच्या अक्षरावर चालला होता.

तिने विचारलं, "कंपनीचा पॅन कुठे आहे?"

"काढलाच नाही."

"दाखला दाखवा." मी पिशवीतून कंपनीचा दाखला काढला. तिने तळाच्या त्या बारीक ओळीवर बोट ठेवलं. "हा काय. चौथं अक्षर सी. खालचा दुसरा टॅन, कुणाचा टॅक्स कापला तर तो भरायला. वरचा एकवीस अक्षरांचा, तो कंपनीचा जन्माचा नंबर. तिन्ही नंबर तुमच्या हातात पैल्या दिवसापासून होते."

महिन्यातून चार वेळा तो कागद मी कुठे ना कुठे दाखवत होते. बँकेतही हाच दिला होता, त्यामुळे बँकेतलं खातं बरोबर कंपनीच्या पॅनवर उघडलं होतं. चुकीचा होता तो फक्त एक नंबर, जो मी स्वतःच्या हाताने दिला.

वापीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसला फोन लावला. तिकडचा माणूस म्हणाला, त्यालाही शंका आलीच होती. बिल एकाचं आणि नंबर दुसऱ्याचा असेल तर माल गेटच्या आत घेणार नाही. मी म्हटलं, मी आठ दिवसांत दुरुस्त करते. तो म्हणाला, "नंबर दुरुस्त होत नाही मॅडम, पॅन चुकला की नवीनच घ्यावा लागतो." ट्रान्सपोर्टच्या बाईनेही मान हलवली. आम्ही माल परत टेम्पोत चढवला. मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले आणि घरी जाऊन काय बोलायचं याची वाक्यं जुळवत राहिले. एकही वाक्य पूर्ण होईना.

जाऊ शेडच्या बाहेर हाताला खोबरेल तेल चोळत होती. चिकूचा चीक साबणाने निघत नाही. मी तिला जे कळलं होतं ते सांगितलं. शेवटी ती म्हणाली, "म्हणजे इतके दिवस सरकारच्या कागदावर हा माल तुझा एकटीचा होता?"

"नंबर माझा होता, ताई. पैसे कंपनीच्याच खात्यात आलेत."

"मी विचारलं ते सांग. कागदावर मी कुठे आहे?"

"या कागदावर नाहीस."

ती तेलाचे हात तसेच घेऊन घरात गेली.

दुसऱ्या दिवशी ती थोरल्या दिरांबरोबर तलासरीला जाऊन आली. मला सांगितलं नाही. त्या फॉर्मवाल्याने तिला सरळ सांगितलं, "मॅडमच म्हणाल्या, माझ्या नावावर लिहा, मीच सगळं बघते." त्याचं स्मरण उत्तम होतं. एक शब्द त्याने पदरचा घातला नाही. दुपारी मी शेडवर गेले तेव्हा दाराला कुलूप होतं.

त्याच दिवशी सकाळी चिकू तोडून आणलेला होता. क्रेटवर क्रेट शेडच्या मागच्या पडवीत रचलेले. तोडलेला चिकू चार-पाच दिवस थांबतो, एप्रिलच्या उन्हात तेवढंही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने रानशेतच्या बायका आल्या आणि कुलूप बघून ओळीने उभ्या राहिल्या. त्यांच्यातली सगळ्यात मोठी बाई, जिला बाकीच्या विचारल्याशिवाय काही करत नसत, मला म्हणाली, "ताई, उद्या येवाचा का नाय?"

मी म्हटलं, "या." कशाच्या भरवशावर म्हटलं, माहीत नाही. त्यानंतरच्या दिवशी त्या आल्या, दुपारपर्यंत आंब्याखाली बसल्या आणि परत गेल्या. त्याच्या पुढच्या दिवशीही आल्या.

मी चार क्रेट उचलून घरी नेले. स्वयंपाकघरात बसून एकटीने कापायला घेतले, गच्चीवर चादरी अंथरून वाळत घातले. शेडमध्ये जाळीच्या आत जे दोन दिवसांत वाळतं, ते उघड्यावर चिकट राहिलं आणि माश्यांनी काळं केलं. माझा नवरा कामावरून आला, गच्चीवर येऊन उभा राहिला. तो फार बोलणारा माणूस नाही. म्हणाला, "तू कारकुनी केलेली बाई. वाचलं नाहीस?"

"वाचलं होतं."

"मग?"

मी खरंच वाचलं होतं. पहिल्या ओळीतलं माझं नाव वाचलं होतं, प्रोप्रायटर वाचलं होतं. ते विचारावंसं वाटलं नाही, एवढंच.

चौथ्या दिवशी पडवीतून आंबूस वास यायला लागला. जाऊच्या गड्यांनी क्रेट उचलून वाडीच्या टोकाला खड्ड्यात ओतले. मी लांबून बघत होते. माझ्याच घरच्या वाडीत जायची मला हिंमत होत नव्हती.

नवीन नंबरासाठी लागणारे कागद मी एव्हाना शोधून काढले होते. दोन्ही डायरेक्टरांचे पॅन, फोटो, दोघींच्या सह्यांचा ठराव, आणि शेड ज्या जागेत आहे त्या जागेची संमती. म्हणजे जाऊच्या सहीशिवाय काहीच हलणार नव्हतं. मी जुन्या कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूला सगळे नंबर मोठ्या अक्षरांत लिहिले. खाली मराठीत लिहिलं की हे अक्षर कशाचं, तो आकडा कशाचा. कंपनीचा पॅन लाल पेनने, माझा निळ्याने, तिचा हिरव्याने. ते घेऊन मी तिच्या ओट्यावर गेले.

"हे बघ ताई, इथे चौथं अक्षर..."

"मला शिकवू नको," ती म्हणाली. "मला नंबर कळत नाहीत म्हणून मी कुलूप लावलं असं समजू नको. मला तू कळत नाहीस."

मी कागद तिथेच ठेवून आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. कागद मी ठेवला तिथेच होता, वर तांब्या ठेवलेला. तिसऱ्या दिवशी मी तिला म्हटलं, "मी चुकून केलं, ताई."

"माझ्या नावावर लिहा असं म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"मीच सगळं बघते म्हणालीस की नाही?"

"म्हणाले."

"मग मी काय बघत होते तितके दिवस?"

तिच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी पहिल्यांदा तेव्हा पाहिलं. मला खूप काही सांगायचं होतं. कंपनी म्हणजे आपणच, असं मला वाटायचं; कंपनी ही आपल्यापासून वेगळी, तिचा वेगळा पॅन, वेगळी ओळख, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. हे सगळं खरं होतं. पण त्या ओट्यावर बसल्या बसल्या दुसरंही एक खरं मी बोलून टाकलं.

"दाखल्यावर माझं नाव पहिलं बघितलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. तू विचारलंस, दोघींची नावं आहेत ना, तेव्हा मी नीट बघून सांगायला हवं होतं. मी बघितलं नाही, कारण मला बघायचं नव्हतं."

ती वाडीकडे बघत म्हणाली, "जा आता."

मी घरी आले आणि देवघरासमोर बसून रडले. लग्नाला चौदा वर्षं झाली होती. पहिल्या बाळंतपणात माझं सगळं तिने केलेलं. मला त्या दिवशी असं वाटलं की मी तुरुंगात गेले असते तर बरं झालं असतं, निदान शिक्षा कळली असती.

त्यानंतरच्या सोमवारी जाऊ एकटी एसटीने अच्छाडला गेली. हे मला नंतर त्या ट्रान्सपोर्टच्या बाईकडून कळलं. कॅलेंडरचा कागद घडी करून तिने बरोबर नेला होता. त्या बाईसमोर तो पसरून ती म्हणाली, "हे जे लिहिलंय ते बरोबर आहे का, एवढंच बघा." बाईने बघून सांगितलं, बरोबर आहे. मग जाऊने विचारलं, "असं चुकून होतं का?"

"होते. दर आठवड्याला एक तरी येते."

"हे चुकून झालंय का?"

बाईने तिला खरं ते सांगितलं. "बेन, नंबर कोनाचा ते नंबरावरून कळते. मनात काय होतं, ते कळत नाय."

संध्याकाळच्या आधी जाऊ माझ्या दारात आली. हातात दोन फोटो, तिचं पॅनकार्ड आणि दिरांच्या सहीची संमती. तिने उभ्यानेच ठरावाचा कागद मागितला. सही करण्याआधी म्हणाली, "मोठ्याने वाच." मी वाचला. "पुन्हा वाच." मी पुन्हा वाचला. कंपनीच्या पॅनशी आल्यावर तिने स्वतः बोट ठेवून चौथं अक्षर बघितलं आणि मग सही केली.

"ताई..."

"तुझ्यासाठी करत नाही. त्या बायका रोज दाराशी येऊन उभ्या राहतात, मला ते बघवत नाही."

अर्ज केला. एकदा कागद अस्पष्ट म्हणून परत आला, जागेच्या कागदावर काहीतरी हवं म्हणून पुन्हा आला. मी दिवसातून दहा वेळा वेबसाइट उघडून बघायची. नवीन नंबर हातात आला तेव्हा उन्हाळ्याचा हंगाम सरला होता; शेड तोवर बंदच होती. वापीच्या व्यापाऱ्याने तोवर दुसरीकडून माल घ्यायला सुरुवात केली होती. मी त्याला फोन करून सांगितलं, आता नंबर बरोबर आहे, तपासून बघा. तो म्हणाला, "बघतो." त्याने फोन केला नाही. जुना नंबर रद्द करायचा अर्जही मीच भरला. सहा महिन्यांचे हिशेब माझ्या नावाने पुरे करून, तज्ज्ञाला विचारून, एकेक रकाना पुन्हा पुन्हा वाचत. कारणाच्या रकान्यात जी कारणं दिली होती, त्यांत माझं एकही नव्हतं. मी 'इतर' निवडलं.

२०१९च्या जानेवारीत आम्ही शेड पुन्हा सुरू केली. छोट्या दुकानांच्या ऑर्डरी, थोडा माल. नव्या दाखल्यावर पहिल्या ओळीत कंपनीचं नाव आहे आणि मागच्या पानावर डायरेक्टर म्हणून आम्हा दोघींची. जाऊ आता प्रत्येक कागद माझ्याकडून दोनदा वाचून घेते. इंग्रजी मोठी अक्षरं तिला ओळखता यायला लागली आहेत. कामाचं बोलताना ती मला 'तुम्ही' म्हणते. 'तुम्ही बिल केलंत का, तुम्ही तपासलंत का.' घरच्या कार्याला चुकून एखाद्या वेळी तिच्या तोंडून 'तू' येतं, आणि त्या दिवशी मला रात्री जेवण जातं. मी तिला कधी विचारलं नाही. विचारण्याचा हक्क माझा मीच घालवला होता.

काम थोडं, म्हणून रानशेतच्या सहांपैकी चौघींनाच परत बोलावलं. ती मोठी बाई त्यांत नव्हती. फेब्रुवारीत मी चिंचणीला माहेरी गेले होते, तेव्हा किनाऱ्यावर मासळी वाळवणाऱ्या बायकांमध्ये मला ती दिसली. इतक्या लांब कामाला येते, असं म्हणाली. बसची पहिली फेरी पकडावी लागते. तिने हातातलं काम थांबवलं आणि विचारलं, "ताई, नंबर आला ना तुमचा?"

"आला."

"मंग बोलवा ना आमाला."

मी म्हटलं, "यंदा चार जणींचंच काम आहे गं."

ती "बरं" म्हणाली आणि वाकून मासळी पालटायला लागली.